कढई पेटण्याआधी

वर्षातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी आईनं मोठी कढई घासून शेगडीवर चढवली, काडेपेटी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "हं, बोला. या साली कोणाला ठेवायचं?"

कोणी बोललं नाही. दरवर्षी असंच होतं. आधी कोणी बोलत नाही, आणि एकदा सुरुवात झाली की कोणी थांबत नाही.

सोमवारी दालन बंद असतं. पण या सोमवारी दाराला आतून कडी घालून घरातले सगळे मागच्या कामाच्या खोलीत बसतात. समोरच्या दालनात त्या त्या सालात देशात गाजलेली माणसं मेणाची करून उभी असतात. साल संपलं की त्यातला एकच मागच्या दालनात जातो, कायमचा. बाकीचे कढईत, आणि त्याच मेणातून पुढचं साल. हा नियम आजोबांचा. आजोबांचा दुसरा नियम असा की, ठेवायचा तो सगळ्यांच्या एकमतानं. कढई पेटायच्या आधी एकमत झालं नाही तर झाडून सगळे कढईत. असं एकदाच झालं, लढाईच्या साली. तेव्हा आजोबा आणि आजी एकमेकांशी बोलत नव्हते. एवढी मोठी लढाई झाली, माणसं कामी आली, सरकारं पडली, आणि मागच्या दालनात त्या सालाचा चौथरा रिकामा. का, तर आजोबा आजीच्या बहिणीला काहीतरी बोलले होते. लोक विचारतात, इथे कोण होतं? ताई तिकिटाच्या खिडकीतून सांगते, "पुतळा दुरुस्तीला गेलाय." ताईच्या जन्माआधीपासून तो दुरुस्तीला गेलाय.

"मी सांगते," शेवटी ताईच म्हणाली. "पोहणारी. प्रश्नच नाही. सोळा वर्षांची पोर सामुद्रधुनी पोहून गेली. शाळाच्या शाळा येतात तिला बघायला. मुलं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात."

"मागच्या दालनात काय शाळेची सहल भरवायची आहे?" मामा म्हणाले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पुतळ्यांचे कपडे शिवतात. बहिणीच्या घरी महिनाभरासाठी म्हणून आले होते, ते अजून आहेत. "अक्का, माझं ऐक. बावीस वर्षं एक माणूस देशाच्या खुर्चीवर बसला आणि जानेवारीत आपण होऊन उठला. असा पंतप्रधान पुन्हा व्हायचा नाही. लोकांना आठवडाभर खरं वाटत नव्हतं. या सालाचं नाव काढलं की तोच आठवणार."

"तो उठला नाही, त्याला उठवला," आईचा धाकटा मुलगा म्हणाला.

"तू तिथे होतास?"

"तुम्ही होतात?"

"भांडू नका, अजून नऊपण वाजले नाहीत," आई म्हणाली. "तुझं काय म्हणणं?"

धाकट्याचं म्हणणं सगळ्यांना माहीत होतं. तो चेहरे करतो. रेडिओवर बातम्या सांगणारे म्हातारे गृहस्थ या साली गेले. देशातल्या प्रत्येक घरानं त्यांचा आवाज ऐकलेला, चेहरा मात्र कोणी पाहिलेला नाही. धाकट्यानं तो असा केला की, त्यांची बायको बघायला आली आणि खुर्ची मागून बसून राहिली. असा चेहरा हातून पुन्हा होईल की नाही, याची धाकट्यालाच खात्री नव्हती. "बातम्यावाले," तो म्हणाला. "कारण सांगायची गरज आहे का?"

"आणि तू गं?" आईनं वहिनीकडे बघितलं.

वहिनी दाराशी बसली होती. तिच्या मांडीवर केसांचा डबा होता आणि ती केसांची रंगाप्रमाणे निवड करत होती. पुतळ्यांच्या डोक्यात एकेक केस सुईनं बसवायचं काम तिचं.

"इंजिनियर," ती म्हणाली, आणि केस निवडत राहिली.

ताईनं मामांकडे बघितलं, मामांनी छताकडे. हे येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते येईपर्यंत विषय दुसरीकडे न्यायचा म्हणून तर एवढी घाई चालली होती.

आता इंजिनियरचं असं झालं होतं. नदीवरचा मोठा पूल मार्चमध्ये खुला झाला तेव्हा हा माणूस देशाचा लाडका होता. फेब्रुवारीतच त्याचा पुतळा तयार होता, गुंडाळलेला नकाशा हातात धरून. ऑक्टोबरमध्ये पुलाचा मधला भाग खाली आला आणि त्यावरची बस गेली. चौकशी चालू आहे. दोष त्याचा की सिमेंटचा की आणखी कोणाचा हे अजून कोणालाच माहीत नाही, पण लोकांना तेवढा दम नसतो. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी पुतळ्यावर चप्पल फेकली. ताईनं मग पुढे दोरी लावली.

"वहिनी, अगं मला कळतं," ताई म्हणाली. "पण खिडकीत मी बसते. लोक काय बोलतात ते मी ऐकते. याला आपण सालाचा माणूस म्हणून मागे ठेवला तर उद्या दगड येतील."

"मी पुसते ना रोज त्याला," वहिनी म्हणाली. "तुम्हाला काही करावं लागतं का?"

"पुसायचा प्रश्न नाहीये."

"मग कसला आहे?"

याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनियरचे हात दादाचे होते, वहिनीच्या नवऱ्याचे.

फोटो बघून चेहरा करता येतो. हात करता येत नाहीत. ते जिवंत माणसाचेच घ्यावे लागतात. हातांना तेल लावायचं, ते प्लॅस्टरमध्ये घालायचे आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. मोठी माणसं यासाठी कुठली येऊन बसायला. म्हणून आजोबांपासून या घरात हात घरचेच लागतात. बाहेर कोणाला हे माहीत नाही. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाला आजोबांचे हात आहेत. पहिल्या वैमानिक बाईला आईचे, तरुणपणीचे. साचा फोडल्याशिवाय हात बाहेर निघत नाही, त्यामुळे एका साच्यातून एकच हात.

दादा फेब्रुवारीत बसला होता इंजिनियरसाठी. दोन्ही हात अडकलेले, म्हणून वहिनी त्याला चहा पाजत होती, आणि त्यानं मुद्दाम तीनदा नाक खाजवून मागितलं. सुकताना प्लॅस्टर आतून गरम होतं. "कोणीतरी आत हात धरून बसल्यासारखं वाटतं," दादा म्हणाला होता, आणि वहिनी म्हणाली होती, "कोण धरून बसलीय ते सांगा आधी." एप्रिलमध्ये तापाची साथ आली आणि दादा त्यात गेला.

"हे बघ," ताई आवाज खाली आणत म्हणाली, "हात काढून घे आणि घरी ठेव. कोण नाही म्हणतंय?"

"कुठे ठेवू? कपाटात?" वहिनी म्हणाली. "नुसते मनगटापासून तोडलेले हात? मला ते माणसाला लावलेले हवेत. बाहीतून बाहेर आलेले."

हे बोलताना तिचा आवाज चढला नाही, म्हणून सगळ्यांना जास्तच वाईट वाटलं.

मामा जरा सरसावून बसले. त्यांना एकदम काहीतरी सुचलं होतं. "मग असं करू या की. हात दुसऱ्या कोणाला लावू. मी मापं घेतो सगळ्यांची, मला ठाऊक आहेत. पोहणारी पोरगी, तिला नाही चालायचे. बातम्यावाले मूठभर माणूस, त्यांना दादाचे हात म्हणजे फावडी लावल्यासारखे दिसतील. पण पंतप्रधान! तो माणूस दादाच्याच अंगाचा. बाह्यासुद्धा सैल करायला नकोत." त्यांनी वहिनीकडे बघितलं. "सूनबाई, इंजिनियर जाऊ दे, पंतप्रधान ठेवू. दादाचे हात घालून. मागच्या दालनात, चांगल्या कोटात, कायमचे. काय?"

वहिनीच्या हातातले केस थांबले. "चालेल," ती म्हणाली.

"मला पण चालेल," आई लगेच म्हणाली. आईला आजचा दिवस कसाबसा पार पाडायचा होता. मुलगा गेल्यापासून ती सुनेशी भांडलेली नव्हती आणि आता सुरुवात करायची तिची इच्छा नव्हती.

ताईनं सुस्कारा टाकला. पोहणारी गेली, पण निदान इंजिनियरही गेला. "बरं. मी पण," ती म्हणाली. सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं.

धाकटा नखानं टेबलावरचं वाळलेलं मेण खरवडत होता. "नाही जमायचं," तो म्हणाला.

"का रे बाबा? तुझे बातम्यावाले ना?"

"त्यांचं सोडा. पंतप्रधानांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं आहे. तरुणपणी कारखान्यात गेलं. शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, नोटेवरच्या चित्रातसुद्धा आहे. दादाचा हात लावायचा तर..." त्यानं पुढचं सांगायचं टाळलं, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "एक पेर कापावं लागेल."

शेगडीजवळ मांजर बसलं होतं, ते उठून गेलं.

"मग आत्ता त्याला कोणाचे आहेत?" वहिनीनं विचारलं.

"मामांचे. पेर मीच कापलं, मेणाचं. मामा बाजूला उभे राहून डोळे मिटून घेत होते."

आता ताई हसली, आणि हसू दाबायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "अच्छा. म्हणजे म्हणून पंतप्रधान. मी म्हटलं मामांना राजकारणाचा एवढा पुळका कधीपासून."

"त्याचा काय संबंध?" मामा म्हणाले.

"एवढी वर्षं या घरात राहिलात आणि मागच्या दालनात तुमचे हात एकदाही गेले नाहीत. बरोबर ना?"

मामा लाल झाले. वहिनीसाठी आपले हात सोडायला ते मघाशी तयार झाले होते, पण ताई म्हणाली ते खरं होतं. एकदा गेले असते, पण त्या साली त्यांचा नाटकवाला एकाच्या नकारानं राहिला आणि कढईत गेला. मामा त्या रात्री जेवले नव्हते. बायको नाही, मुलं नाहीत, ही दोन हातांची जोडी कुठेतरी उभी राहावी एवढंच म्हणणं होतं त्यांचं, आणि ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. "आणि तुझ्या पोहणारीला कोणाचे हात आहेत?" ते म्हणाले. "सोळा वर्षांच्या पोरीला चाळिशीतल्या बाईचे. जवळून बघितलं तर शिरा दिसतात."

"मामा."

"आणि बातम्यावाल्यांना?"

"माझे," धाकटा म्हणाला. "मी लपवलं कधी?"

"घ्या. देशाच्या नावानं गळे काढायचे आणि भांडायचं आपापल्या हातांसाठी," आई म्हणाली. "तुमच्या आजोबांनी काय केलं असतं ठाऊक आहे? काडी ओढली असती." तिनं काडेपेटी उचलून दाखवली, पण ओढली नाही.

तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीवर कोणीतरी टकटक केलं.

"बंद आहे म्हणून पाटी लावलीये," ताई पुटपुटत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. "ती आलीये."

"कोण ती?"

"पुलावरची. म्हणजे पुलावर नव्हती, तिची मुलगी होती बसमध्ये. दर शुक्रवारी येते. तिकीट काढते, सरळ इंजिनियरपुढे जाते, उभी राहते, निघून जाते. दुसरं काही बघत नाही."

"आणि तू कधी बोलली नाहीस?" आई म्हणाली.

"काय बोलायचं? तिकिटाचे पैसे घ्यायला लाज वाटते म्हणून? मी नको म्हटलं तर ठेवून जाते." ताई डोळे पुसत होती, आणि ते लपवायला रागावत होती. "म्हणून म्हणत होते तो नको. दगडाबिगडांचं काही नाही."

मामा म्हणाले, "सांग आज बंद आहे म्हणून."

"मी बघते," म्हणून वहिनी उठली. डबा तिनं झाकण लावून ठेवला.

बाई वहिनीच्याच वयाची होती. अंगात पोस्टातला निळा कोट, खांद्याला पिशवी. "पेपरात वाचलं, आज वितळवता म्हणे," ती म्हणाली. "अर्धा दिवस रजा टाकली."

"या," वहिनी म्हणाली.

समोरच्या दालनात दिवे लावलेले नव्हते. वरच्या खिडकीतून उजेड येत होता तेवढाच. पंतप्रधान, पोहणारी, बातम्यावाले. त्यांच्या पलीकडे तापाची लस शोधणारी डॉक्टरीणबाई, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभी. पेपरातल्या एकानं लिहिलं होतं की, काय सहज उभी केलीये, खिशात हात घातल्यामुळे किती जिवंत वाटते. त्याला कोण सांगणार. डॉक्टरीणबाईला हातच नव्हते. जुलैमध्ये पुतळा करायला घेतला तेव्हा ताईचे हात आधीच पोहणारीला गेले होते, आणि एका दालनात एकाच माणसाचे हात दोनदा वापरत नाहीत. आईची बोटं आता सांध्यांत सुजलेली. राहिली वहिनी. तिला विचारलं तर ती म्हणाली, "तिला माझे हात मिळायचे नाहीत," आणि दिवसभर दिसली नाही. लस जूनमध्ये आली होती. दादा एप्रिलमध्ये गेला. कोणी पुन्हा विचारलं नाही. धाकट्यानं बाह्या खिशात शिवून घ्यायला सांगितल्या.

दोघी इंजिनियरपुढे थांबल्या. वहिनीनं दोरी बाजूला केली.

"याला ठेवणार?" बाईनं विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"मी तोंडाकडे बघत नाही. ते पेपरात बघून बघून विटलं मला. हातच बघते." बाई जवळ गेली. "उजव्या करंगळीला वाक आहे. अंगठ्याच्या नखाला खाच आहे, ही बघा. मला वाटायचं एवढ्या मोठ्या कागदांवर सह्या करणारा हात कसा असेल. हा तर नळ दुरुस्त करणाऱ्याचा हात वाटतो."

"त्यांना यायचा नळ दुरुस्त करता," वहिनी बोलून गेली.

"तुमच्या ओळखीतला आहे हा?"

या घरानं तीन पिढ्यांत जे बाहेर कोणाला सांगितलं नव्हतं, ते वहिनीनं उभ्या उभ्या सांगून टाकलं. "हात त्याचे नाहीत. आम्ही घरच्या माणसांचे लावतो. हे माझ्या नवऱ्याचे आहेत. करंगळी लहानपणी दारात सापडली होती."

बाईनं हात मागे घेतला. "काय करतात ते?"

"गेले. एप्रिलमध्ये. तापानं."

बाईनं करंगळीकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके शुक्रवार तुमच्या माणसाला शिव्या देत होते."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं."

"तरी पण." तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तुम्हाला ठेवायचा असेल मग."

"हो."

"साहजिक आहे. माझ्या घरी तिचे बूट अजून दाराशीच आहेत." बाई पुतळ्याच्या बाहीकडे बघत होती. बाहीची कड विरलेली होती, आणि तिथे नवीन कापड जोडलेलं दिसत होतं. "एक सांगू? राग मानू नका. ठेवलात तर मी येत राहीन. हात तुमच्या माणसाचे आहेत हे कळलं तरी येईन, मला माझं ठाऊक आहे. शुक्रवार आला की पाय इकडेच वळतात. घरी धाकटी आहे माझी, आठ वर्षांची. ती विचारते, शुक्रवारी तू उशिरा का येतेस? तिला काय सांगू? बाहुलीपुढे उभी असते म्हणून?"

वहिनीनं बाहीची कड बोटांनी सरळ केली. त्या बाहीची कड कशानं विरली होती ते तिला माहीत होतं. मामांनी ती वर्षात दोनदा बदलली होती आणि दोन्ही वेळा एक अक्षर बोलले नव्हते. रोज सकाळी सगळे चहाला बसले की ती किल्ली घेऊन इकडे यायची, पुसायला म्हणून, आणि हात धरून उभी राहायची. तिचा चहा कोणीतरी झाकून ठेवायचं, आणि तो गार व्हायचा.

"येते मी," बाई म्हणाली. दारापाशी थांबली. "तिकीट काढलं नाही आज."

"आज तिकीट नसतं," वहिनी म्हणाली.

ती कामाच्या खोलीत परत आली तेव्हा तिथे नवं राजकारण शिजलेलं होतं. ताई आणि मामा एका बाजूला झाले होते. पंतप्रधान मामांच्याच हातांनी जाऊ दे, बदल्यात पुढची तीन सालं मामा ताईच्या बाजूनं बोलणार. धाकटा एकटा पडून जास्तच हट्टाला पेटला होता. आईनं काडी पेटीतून बाहेर काढून हातात धरली होती.

"इंजिनियर नको," वहिनी म्हणाली.

मामांनी आशेनं मान वर केली. "मग पंतप्रधान?"

"नको. डॉक्टरीणबाई."

"तिला हातच नाहीत," ताई म्हणाली.

"माझे घ्या."

आईनं काडी खाली ठेवली. "तुला नको होतं ना?"

"नकोच होतं. राग होता. दोन महिने आधी का नाही शोधून काढलंस, असं वाटायचं तिच्याकडे बघून." वहिनी जागेवर बसली नाही, तिथेच उभी राहिली. "राग अजून आहे. तो काय एका दिवसात जातो? पण शेजारच्या दोन्ही पोरांना जूनमध्ये तिची लस मिळाली, त्यांना तो ताप आला नाही, ती समोर खेळताना दिसतात. आणि ती बाई खिशात हात घालून कायमची उभी राहिली तर बघणारा म्हणेल, हिनं काय केलं? नुसती उभी तर आहे."

डॉक्टरीणबाईचं नाव सकाळपासून कोणी घेतलं नव्हतं, कारण तिच्या अंगावर घरातल्या कोणाचंच काही नव्हतं. वास्तविक त्या सालात तिच्याएवढं कोणी केलं होतं असंही नाही. हे सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं, आणि प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघायचं टाळलं.

"चेहरा चांगला झालाय तिचाही," धाकटा म्हणाला. "बातम्यावाल्यांइतका नाही. पण चांगला झालाय."

"कोट मीच शिवलाय," मामा म्हणाले. "खिसे उसवायला काय वेळ लागतो." त्यांनी स्वतःच्या हातांकडे एकदा बघितलं आणि ते मांडीखाली घातले. "पुढच्या साली बघू."

"पुढच्या साली मी तुमच्या बाजूनं बोलेन," ताई म्हणाली. "कोणीही असला तरी."

"चप्पल खाणारा असला तरी?"

"तरी."

"म्हणजे झालं एकमत," आई म्हणाली. "आश्चर्यच आहे."

"एक आहे," वहिनी म्हणाली. "माझ्या हातांना नवीन मेण नको. यांचे हात कढईत टाकू नका. वेगळ्या पातेल्यात वितळवा आणि त्याचेच माझे ओता."

धाकटा पातेलं शोधायला उठला. शेवटी तो कामाचंच बोलला, त्याला दुसरं काही येत नव्हतं. "दादाचे मोठे होते. मेण उरेल."

"उरलं ते कढईत टाका. पुढच्या साली कोणाच्या तरी कामाला येईल."

धाकट्यानं इंजिनियरच्या मनगटातले खिळे काढले. दुपारपर्यंत बाकीची मंडळी सुटी होऊन टेबलावर आली, पंतप्रधान, पोहणारी, बातम्यावाले. बातम्यावाल्यांचा चेहरा मात्र धाकट्यानं फडक्यात गुंडाळून शेवटपर्यंत बाजूला ठेवला, आणि आईनं तिकडे न बघितल्यासारखं केलं. मग तिनं काडी ओढली.

दादाचे हात वहिनीनंच पातेल्यात ठेवले, पालथे. बोटं आधी मऊ झाली. वाकलेली करंगळी काही क्षण सरळ झाल्यासारखी दिसली आणि मग दिसेनाशी झाली. वहिनीनं पळीनं एकदा ढवळलं. मागे मामा उभे होते, ते नाक शिंकरायला बाहेर गेले.

मग तिनं बाह्या वर केल्या, हातांना तेल चोळलं आणि धाकट्यानं भिजवलेल्या प्लॅस्टरमध्ये दोन्ही हात घातले. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, नाक."

आईनं तिचं नाक खाजवलं. सुजलेल्या बोटांनी नीट जमेना, तरी खाजवलं. ताईनं सकाळचा झाकून ठेवलेला चहा गरम करून आणला आणि कप तिच्या तोंडाला लावला. मोठ्या कढईत सालभरातली माणसं एकात एक मिसळत होती आणि खोलीत मेणाचा वास भरला होता.

धाकट्यानं येऊन साच्यावर बोटानं वाजवून बघितलं. घट्ट झाला होता.

"झालं, वहिनी. काढू या हात."

"थोडं थांबा, भाऊजी," ती म्हणाली. "अजून गरम आहे."